शेवटच्या धड्यातले आकाश

महाराष्ट्र राज्याच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत खगोलशास्त्राची जागा ठरलेली आहे : सर्वांत शेवटी. २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या पुस्तकांत सहावीचा सोळावा धडा ‘विश्वाचे अंतरंग’, सातवीचा विसावा ‘तारकांच्या दुनियेत’, आठवीचा एकोणिसावा ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’, नववीचा अठरावा ‘अवकाश निरीक्षण : दुर्बिणी’ आणि दहावीच्या पहिल्या भागाचा दहावा ‘अवकाश मोहिमा’. पाचही ठिकाणी त्या धड्यानंतर पुस्तक संपते. वर्गात हा धडा उघडतो तेव्हा फेब्रुवारी उजाडलेला असतो, पोर्शन संपवायची घाई असते, आणि दुर्बिणीचा धडा दुर्बीण न पाहताच वाचून होतो. त्यामुळे नवी मुंबई आणि खाडीपलीकडची मुंबई यांच्या शाळकरी मुलांपर्यंत आकाश जे काही पोचले, ते बहुतांशी शाळेच्या तासाबाहेरून पोचले : धूमकेतू आला म्हणून, ग्रहण लागले म्हणून, एखाद्या मंडळाने रात्र जागवली म्हणून.

शहर वसण्यापूर्वी या भागात आकाशाशी रोजचा व्यवहार होता, पण तो वहीत नव्हता. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. ही गावे मुख्यतः आगरी-कोळ्यांची. भातशेती, मासेमारी आणि मिठागरे हे त्यांचे धंदे. मिठागरात पाणी घ्यायचे ते उधाणाला आणि होडी काढायची ती भरती-ओहोटी पाहून. भरतीची वेळ काढायला कोकण किनाऱ्यावर एक सोपा हिशेब चालत आला आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती आणि तीच उधाणाची. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे पाणी कमी चढते. हिशेबात थोडी गफलत आहे, आणि शिकवणाऱ्याला तीच उपयोगी. पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊणकी मात्र ४५ मिनिटेच धरते. पंधरवड्याअखेर पाऊण तासाचा फरक पडतो. तोंडी गुणाकार सोपा राहावा म्हणून दिलेली ही किंमत आहे, आणि होडीवाल्याला ती परवडते. आठवीच्या मुलाला भूमितीच्या पेटीइतकेही साहित्य न देता चंद्राच्या गतीपर्यंत नेणारे असे हे गणित आहे.

याच किनाऱ्याच्या परिसरात आधुनिक खगोलविद्या मराठीत उतरली. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती मुख्यतः बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. पुढे तिथे चुंबकीय व हवामानाची निरीक्षणे सुरू झाली. मराठी पत्रकारितेचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. १८४० मध्ये त्यांनी काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकात भूगोल-विज्ञानाचे लेख येत. अलिबागजवळच्या नागावात १८२५ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे लहान वयातच कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले, तिथेच शिकले, आणि पुढे पुण्यात गणिताचे नामांकित प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. छत्र्यांच्या ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ या पुस्तकाने पंचांग मांडायचे आधुनिक गणित मराठीत आणले. शाळेच्या दृष्टीने मात्र या परंपरेतला महत्त्वाचा माणूस शंकर बाळकृष्ण दीक्षित. १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा मोठा ग्रंथ लिहिणारे दीक्षित पेशाने शिक्षक होते. त्यांनी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि त्याला ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे जोडनाव दिले. मुलांना आकाश कसे दाखवावे याविषयी पुढे बरेच लिहिले गेले, पण या चार शब्दांनी जे सांगितले त्याच्या फार पुढे कुणी गेले असे वाटत नाही.

कुलाब्याच्या निरीक्षणांचा धागा थेट नवी मुंबईत येतो. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकमापनात गडबड होईल हे उघड होते, म्हणून १९०४ मध्ये खाडीपलीकडे अलिबागला चुंबकीय वेधशाळा हलवण्यात आली. या कामातून वाढलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आता नवीन पनवेलमध्ये आहे. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत आहे आणि जगभरचे अभ्यासक आजही ती आकडेवारी वापरतात. सौरडाग आणि पृथ्वीचे चुंबकत्व शिकवताना पनवेलच्या शिक्षकाला उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही.

ग्रहणांचा इतिहास गुंतागुंतीचा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची छाया कोकणातून पुढे घाटावर गेली. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावर तळ ठोकला, तर सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे आणि पुण्याचे कावसजी नायगमवाला यांचे पथक होते. शाळेच्या सहलीत विजयदुर्गावर सांगितली जाणारी कथा मात्र वेगळी असते : १८६८ मध्ये लॉकियर यांनी येथूनच हेलियम शोधला. प्रत्यक्षात त्या वर्षीचे ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले होते, आणि लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी इंग्लंडमधून टिपली. किल्ल्यावरचा तळ त्यानंतर तीस वर्षांनी पडला. खरी गोष्टही कमी रंजक नाही, पण फलकावर एकदा चढलेली तारीख सहजी उतरत नाही.

१६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यात खग्रास आणि मुंबईत मोठे खंडग्रास होते. त्या दुपारी मुंबईचे रस्ते ओस पडले, दूरदर्शनने लोक घरात राहावेत म्हणून चित्रपट दाखवला, आणि पोरांना खिडक्या लावून आत बसवले गेले. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये हा सल्ला बरोबर होता. पण कागदाला टाचणीचे भोक पाडून भिंतीवर सूर्याची कोर पाहता येते, हे सांगणारे कुणी नव्हते. पंधरा वर्षांत चित्र पालटले. २४ ऑक्टोबर १९९५ चे खग्रास ग्रहण पाहायला महाराष्ट्रातून खगोलप्रेमींचे जथे उत्तर भारतात गेले. ग्रहण अमावास्येचे आणि अमावास्या दिवाळीची, त्यामुळे सुट्टी आयतीच होती. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी नवी मुंबईच्या गच्च्यांवर मुले ग्रहणचष्मे लावून उभी होती; तीही नाताळची सुट्टी. शाळा बंद असताना लागलेली ग्रहणे मुलांना जास्त पाहता आली, ही नोंद शिक्षणखात्याला फारशी सुखावह नाही.

१९८० आणि १९९५ यांच्या मधल्या पंधरा वर्षांत झालेला बदल काही संस्थांमुळे घडला. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था होती. ३ मार्च १९७७ ला वरळीचे नेहरू तारांगण सुरू झाले आणि शाळांच्या सहलींना एक ठिकाण मिळाले. तारांगणाचा घुमट पावसाळ्यातही तारे दाखवतो, ही मुंबईच्या हवेत मोठीच सोय. पण खुर्चीत रेलून पाहिलेले तारे आणि मान दुखेपर्यंत शोधलेले तारे यांत फरक आहे. ती दुसरी सवय लावली ती हौशी मंडळांनी. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू ७६ वर्षांनी परतत होता. त्या उत्साहात मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले. धूमकेतू प्रत्यक्षात भारतातून फिका दिसला आणि अनेकांची निराशा झाली, पण मंडळ टिकले. बदलापूरच्या पुढे कर्जत मार्गावरच्या वांगणीला होणारी त्याची रात्रभराची आकाशदर्शने शाळकरी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांच्या लक्षात आहेत.

अशा रात्रीचा क्रम आकाशच ठरवते. जानेवारीत अंधार पडला की पूर्वेला मृग चढलेला असतो. त्याच्या तीन ताऱ्यांच्या रेषेत एकीकडे व्याध, दुसरीकडे रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. मध्यरात्रीनंतर सिंह माथ्यावर, पहाटे वृश्चिकाचा आकडा आग्नेयेला. एकाच रात्रीत मुलाला पृथ्वी फिरताना दिसते, धड्यात न सांगता. याच वेळी दोन मुठींचा खेळ होतो. हात लांब करून धरलेली बंद मूठ आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेले की दुसरी मूठ पुरी होता होता ध्रुव लागतो. म्हणजे ध्रुवाची उंची १९ अंश, आणि नवी मुंबईचा अक्षांशही १९. भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश दोन हातांत येतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊच्या आसपास दक्षिणेला वळले, तर तिथेही दोन मुठींहून थोडा खाली अगस्त्य लखलखत असतो. तो दिल्लीत जेमतेम क्षितिजावर येतो आणि लंडनला कधीच उगवत नाही.

नवी मुंबईच्या मुलांसाठी या सगळ्या गोष्टी बरीच वर्षे लांब होत्या. ठाणे खाडीवरचा पहिला रस्तापूल १९७३ चा, पण मानखुर्द-वाशी लोकल सुरू झाली ती मे १९९२ मध्ये. त्यानंतर वाशीहून मानखुर्द हे एका स्थानकाचे अंतर झाले. मानखुर्दलाच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुरू केलेल्या या केंद्राचे सुरुवातीचे काम महापालिकेच्या शाळांतून आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यातून झाले. विज्ञान न समजण्याचे एक मोठे कारण पुस्तकाची भाषा असते, हा तिथून निघालेला निष्कर्ष खगोलाच्या धड्याला अजूनही लागू आहे. ‘परिभ्रमण’ आणि ‘परिवलन’ हे शब्द परीक्षेत हमखास उलटसुलट होतात, आणि त्यात मुलांचा दोष कमी.

शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी या केंद्रात ग्रामीण, आदिवासी व शहरी वस्त्यांतल्या मुलांच्या खगोलविषयक कल्पनांचा अभ्यास केला. शब्द आणि आकृती यांच्या मध्ये हातवारे व शरीराच्या हालचाली आणल्या तर अवकाशातली रचना मुलांना नीट उभी करता येते, हा त्यांच्या कामाचा गाभा. या जातीची एक कृती आता अनेक शिक्षकांना ठाऊक आहे. अंधाऱ्या खोलीत मधोमध एक दिवा, तो सूर्य. मुलाचे डोके पृथ्वी, हातातला चेंडू चंद्र. दिव्याकडे तोंड करून चेंडू डोळ्यांसमोर जरा वर धरला की त्याची आपल्याकडची बाजू काळी : अमावास्या. डावीकडे पाव फेरी वळले की उजवी बाजू उजळते : शुक्ल अष्टमी. दिव्याकडे पाठ झाली की पौर्णिमा, आणि चेंडू डोक्याच्या सावलीत गेला तर चंद्रग्रहण. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही चूक मुलेच नव्हे तर मोठी माणसेही करतात. १९८७ मध्ये अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा लघुपट निघाला. हार्वर्डच्या पदवीदान समारंभात २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकला यांचे कारण विचारले. २१ जणांनी चुकीचे सांगितले. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, असे पुष्कळांचे उत्तर होते. प्रत्यक्षात ती जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ असते. नवी मुंबईत हा प्रश्न आणखी अवघड, कारण पुस्तकातले सूर्य कलण्याचे चित्र युरोपच्या ऋतूंना जितके चपखल बसते तितके कोकणाला बसत नाही. इथे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा जुलैअखेर. पहिल्या वेळी जीव नकोसा होतो आणि दुसऱ्या वेळी माणूस छत्री घेऊन फिरतो.

या दोन तारखा शून्य सावलीच्या. मेच्या १५-१६ ला आणि जुलैच्या २८ च्या आसपास दुपारी साडेबारानंतर काही मिनिटे उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांनाच मिळणारा हा योग आहे, दिल्लीकराला तो कधीच नाही. पण पहिल्या तारखेला शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्या तारखेला सूर्यच रजेवर. म्हणून नवी मुंबईच्या शाळेला सावलीच्या प्रयोगासाठी सर्वांत सोयीचा दिवस २२ डिसेंबर : आकाश निरभ्र, शाळा चालू, नाताळची सुट्टी अजून तीन दिवस लांब. एक मीटर उंचीची सरळ काठी गच्चीवर किंवा मैदानात ओळंब्याने उभी करायची आणि बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. सावली आखूड होत जाते आणि १२ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास सर्वांत लहान, सुमारे ९२ सेंटिमीटर होते. तिची दिशा अचूक उत्तर. होकायंत्राची गरज नाही. घड्याळात बारा वाजता सूर्य मध्यावर का नसतो, हा प्रश्न इथे कुणीतरी विचारतोच. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि नवी मुंबई ७३ अंशांवर, हे त्याचे मुख्य उत्तर. त्याच दिवशी दिल्लीच्या एखाद्या शाळेने हेच मोजले तर त्यांची मध्यान्ह १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास होते आणि सावली १२८ सेंटिमीटर भरते. दोन्हीकडचे कोन काढले की फरक साडेनऊ अंशांहून थोडा जास्त येतो. दोन शहरांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे १,०६० किलोमीटर. त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या जवळ निघतो. इरॅटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी केलेले गणित ते हेच. सावलीचे टोक अंधुक असते, काठी किंचित कललेली असते, आणि दोन-चार टक्क्यांची चूक राहतेच. ती कुठून आली हे शोधण्यात मुलांचा दुसरा तास जातो आणि तो पहिल्याहून चांगला जातो.

हौशी आकाशदर्शनाच्या शेजारी १९९० च्या दशकाअखेर स्पर्धेचा मार्ग उघडला. आंतरराष्ट्रीय खगोल ऑलिंपियाडमध्ये भारताचे विद्यार्थी जाऊ लागले आणि निवड व तयारीचे केंद्र मानखुर्द झाले. नोव्हेंबर २००६ मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली. पुढल्या वर्षी थायलंडमध्ये ‘खगोलशास्त्र व खगोलभौतिकी’ या नावाचे वेगळे आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड सुरू झाले. ते २०१६ मध्ये भुवनेश्वरला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत झाले. साठाहून अधिक देशांची मुले भर पावसाळ्यात तारे ओळखायला मुंबईला आली, यातला विनोद आयोजकांच्याही नजरेतून सुटला नसावा. ऑलिंपियाडने शाळेतल्या हुशार मुलाला आकाशाकडे वळण्याचे कारण दिले, पण ती वाट अरुंद आहे. देशाच्या संघात पाच जण जातात, आणि तयारी अकरावी-बारावीच्या गणित-भौतिकीवर उभी असते. नापास होण्याच्या भीतीने विज्ञानाला बिचकणाऱ्या नववीतल्या मुलाला दोन मुठींचा ध्रुव अधिक जवळचा.

तो ध्रुव दिसणे मात्र अवघड होत चालले आहे. वाशी ते बेलापूर पाम बीच रस्त्याचे दिवे, बंदराचा उजेड आणि इमारतींवरच्या जाहिराती यांच्यात नवी मुंबईच्या आकाशात पहिल्या प्रतीचे मोजके तारेच उरतात. कृत्तिकांतले किती तारे मोजता येतात, ही जुनी परीक्षा आता नजरेची कमी आणि शहराची जास्त होते. चंद्र, शुक्र, गुरू व शनी यांना या उजेडाचा त्रास नाही. त्यामुळे शहरातली शालेय आकाशदर्शने हळूहळू ग्रहांकडे वळली : छोट्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र, शनीची कडी, चंद्रावरची विवरे. अंधार हवा असेल तर अजूनही वांगणीच, आणि २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यापासून तिकडे जाणे थोडे सोपे झाले आहे.

येत्या काळात नवी मुंबईतून दिसू शकणारी सूर्यग्रहणे पंचांगकर्त्यांनी आणि खगोलशास्त्रज्ञांनी काढून ठेवली आहेत. २ ऑगस्ट २०२७ ला, सोमवारी संध्याकाळी, खंडग्रास. शाळा चालू, आकाश ढगाळ. २१ मे २०३१ ला दक्षिण भारतात कंकणाकृती आणि इथे खंडग्रास, शाळेला सुट्टी. २० मार्च २०३४ ला काश्मीर-लडाखकडे खग्रास, इथे दुपारनंतर खंडग्रास. तो दिवस सोमवार, आणि मार्च महिना दहावीच्या परीक्षेचा.